आधी घराचं ठरवा, मग चुलीचं

पत्र

काकू, सप्रेम नमस्कार.

मी दापोली तालुक्यात समुद्राजवळच्या एका गावात राहते. घरात मी, हे, सासूबाई आणि दोन मुलं. थोडं आगर आहे, वर डोंगराला आमचं रान आहे, दहा गुंठे भात आणि दोन गावठी गाई. मोठी मुलगी दहावीत आहे. शाळेच्या प्रकल्पासाठी तिने इंटरनेटवर आमच्या घराचा कार्बन फुटप्रिंट, म्हणजे आमच्यामुळे किती कार्बन हवेत जातो ते, काढला आणि तेव्हापासून घरात शांतता नाही. त्यात चूल लाल रंगात आली, गाई लाल रंगात आल्या, मासे पिवळ्यात. सासूबाई पहाटे पाणचूल पेटवायला गेल्या की ही त्यांना बोलते. 'आजी, तुझ्यामुळे पृथ्वी तापतेय' असं एकदा म्हणाली, तेव्हा त्या दिवसभर जेवल्या नाहीत. मासे खायचं तिने सोडलंय. गाई विकून टाका म्हणते. तिचं म्हणणं मला अगदीच खोटं वाटत नाही, पण सासूबाईंचा चेहराही बघवत नाही.

आमचं वीजबिल महिन्याला 120 युनिटच्या आसपास येतं. सिलिंडर दोन महिने पुरतो. यांच्या मोटारसायकलला महिन्याला 12 लिटर पेट्रोल लागतं. मुंबईचे दीर-जाऊ गाडीने येतात, गेल्या वर्षी ते चौघं विमानाने थायलंडला जाऊन आले, त्यांना कुणी काही बोलत नाही. आमचं खरंच एवढं चुकतंय का? आणि कमी करायचं तर कुठून सुरुवात करू?

ता. क. दिवाळीनंतर जुनं कौलारू घर पाडून यांना बाराशे फुटांचं स्लॅबचं घर बांधायचंय, त्यात पर्यटकांसाठी दोन एसी खोल्या. 'निसर्ग' वादळात आमचं अर्धं छप्पर गेलं होतं, तेव्हापासून त्यांच्या मनात आहे. पैशांसाठी वरचं रान तोडायला द्यायचं चाललंय. सहज कळवलं.

— एक आई, दापोली तालुका

उत्तर

ताई,

पत्र वाचून झालं आणि मी पुन्हा ताज्या कलमाकडे आले. 'सहज कळवलं' म्हणून तुम्ही ज्या चार ओळी लिहिल्यात, त्यांतच तुमच्या प्रश्नाचं निम्म्याहून जास्त उत्तर आहे. चुलीवरून आणि माशांवरून घरात जे वाजलंय, त्याचा आकडा लहान आहे. मोठा आकडा अजून घडलेलाच नाही, तो दिवाळीनंतर घडणार आहे. अजून हातात वेळ आहे म्हणून हे उत्तर जरा लांबवते.

आधी आजचा हिशेब करू. वही घ्या आणि मुलीलाही शेजारी बसवा.

आपल्या देशात विजेच्या एका युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साईड हवेत जातो, कारण बरीचशी वीज अजून कोळशावर होते. पोफळीला कोयनेच्या पाण्यावर होते, जयगडला कोळशावर होते, पण तारेत शिरली की सगळी एकच. तुमचे वर्षाचे 1,440 युनिट, म्हणजे साधारण 1,000 किलो. सिलिंडरमध्ये 14.2 किलो गॅस असतो, तो जळून 42 किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साईड होतो. वर्षाला सहा सिलिंडर म्हणजे 250 किलो. पेट्रोलच्या लिटरमागे 2.3 किलो धरतात, त्या हिशेबाने मोटारसायकलचे 330. सगळं मिळून पाच माणसांच्या घराचे वर्षाला 1,580 किलो झाले. माणशी तीनशेच्या थोडे वर.

भारतात माणशी सरासरी सुमारे 2 टन पडतात, जगात साडेचारच्या वर, अमेरिकेत 14 च्या आसपास. या सरासरीत कारखाने, रस्ते, दुकानातला माल असं सगळंच वाटलेलं असतं, त्यामुळे तुमचे तीनशे त्यांच्याशेजारी तसेच मांडता येणार नाहीत. कपडे, किराणा, मोबाईल, खत यांचा भार वर चढवावा लागेल. तो चढवूनही तुमचं घर देशाच्या सरासरीच्या खालीच राहील असं मला दिसतं. थायलंडचं विचारलंत म्हणून तेही सांगते. मुंबई ते बँकॉक जाऊन-येऊन विमानात माणशी अर्ध्या टनाच्या आसपास पडतात. चौघांचे दोन टन. तुमच्या घरात वर्षभर जळलेली वीज, गॅस आणि पेट्रोल यांच्यापेक्षा जास्त. हा आकडा जावेला ऐकवायला देत नाही. तुमच्या मुलीला कळावा म्हणून देतेय, कारण कुठला दगड किती वजनाचा हे हातात घेतल्याशिवाय समजत नाही.

आता गाई. इथे तुमची मुलगी बरोबर आहे, आणि ते तिला मोकळेपणाने सांगायला हवं. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात मिथेन तयार होतो आणि ढेकरेतून बाहेर पडतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने एक किलो मिथेन सुमारे 28 किलो कार्बन डायऑक्साईडइतकी उष्णता धरतो. गावठी गाय वर्षाला 25 ते 30 किलो मिथेन सोडते. दोन गाई म्हणजे साधारण दीड टन, जवळजवळ तुमच्या वीज, गॅस, पेट्रोल यांच्या बेरजेइतकाच. लहान नाही हा आकडा.

पण गाई विकून तो कमी होत नाही. विकलेली गाय दुसऱ्याच्या गोठ्यात रवंथ करणारच. तुमच्याकडे मग पिशवीतलं दूध येईल, घाटावरून थंड टँकरने आलेलं, तेही कुठल्यातरी गाई-म्हशीचंच. आगराला आणि भाताला शेणखत नसेल तर युरियाच्या गोणी वाढतील, आणि युरिया तयार करायला नैसर्गिक वायू जाळावा लागतो. मिथेनबद्दल एक दिलाशाची गोष्ट म्हणजे तो हवेत डझनभर वर्षंच टिकतो. कोळशाचा कार्बन डायऑक्साईड शेकडो वर्षं राहतो. म्हणून दोन गाई आहेत तशाच ठेवा आणि शेणाकडे बघा. पावसाळ्यात उघड्या खड्ड्यात शेण भिजत पडलं की त्यातूनही मिथेन निघतो. तोच गोबरगॅसच्या टाकीत धरला तर चुलीखाली जळतो. एक घनमीटरच्या लहान टाकीला रोज 25 किलोच्या आसपास शेण लागतं. तुमच्या दोन गाई दिवसा चरायला जात असतील तर एवढं गोठ्यात जमणार नाही. शेजारच्या एक-दोन गोठ्यांशी बोलून सामाईक केलं तर जमेल. रोज एक घनमीटर गॅस मिळाला तर महिन्याला जवळजवळ एका सिलिंडरचं काम होतं. आपल्याकडची उबदार हवा या टाकीला मानवते. सिंधुदुर्गात कितीतरी घरांत त्या चालू आहेत, एखादं घर प्रत्यक्ष बघून या.

आजींच्या चुलीबद्दल मात्र मुलीच्या कॅल्क्युलेटरने अन्याय केलाय. 'लाकूड जाळता का' एवढंच त्याने विचारलं असणार. कुठलं लाकूड हे विचारलं नसणार. आजी काय जाळतात? वाळलेल्या झावळ्या, सोडणं, करवंट्या, सुपारीच्या विऱ्या, खाली पडलेल्या काटक्या. माडाने ती झावळ वाढवताना हवेतूनच कार्बन घेतलेला असतो. जाळली की तो परत हवेत जातो आणि पुढच्या वर्षीची झावळ तो पुन्हा ओढून घेते. जमिनीखाली लाखो वर्षं गाडला गेलेला कोळसा वर काढून जाळणं ही वेगळी गोष्ट. नाही जाळली तरी ती झावळ परसात कुजून तेच देणार. आंघोळीचं पाणी पाणचुलीवर तापतंय म्हणून तुमच्याकडे गीझर नाही, आणि म्हणूनच बिल 120 वर थांबलंय. पाच माणसांच्या घरात हे आजींचं योगदान आहे, आणि त्यांना कुणीतरी ते तोंडाने सांगितलं पाहिजे.

चुलीत वाईट आहे तो धूर. त्याची काजळी वातावरणही तापवते, पण सगळ्यात आधी तो आजींच्या डोळ्यांत आणि छातीत जातो. म्हणून स्वयंपाक गॅसवर होऊ द्या. पाणचूल न्हाणीच्या बाहेर मोकळ्या हवेत असू द्या, नाहीतर तिला धुराडं बसवा आणि जळण पावसाआधी कोरडं करून माळ्यावर ठेवा. ओली लाकडं, विकत घेतलेली मोळी किंवा रान तोडून आणलेलं जळण असेल तर हिशेब बदलतो. शिवाय रोज कचऱ्यासोबत प्लॅस्टिक चुलीत जात असेल तर ते आजच्या आज थांबवा.

भाताचं थोडक्यात. साचलेल्या पाण्यात मिथेन होतो हे खरं, पण दहा गुंठे पावसाळी भाताचा वाटा गाईंपेक्षा बराच कमी. तिथे हात घालण्यासारखी गोष्ट म्हणजे भाजावळ. राबासाठी, म्हणजे रोपांची जागा भाजायला, झाडांची कवळं तोडून ती जाळायची, यात झाडही जातं आणि पातेराही. गादीवाफ्यावर न भाजता रोपं करता येतात. नेरळच्या सगुणा बागेत विकसित झालेल्या एसआरटी (सगुणा राइस टेक्निक) या भाताच्या पद्धतीत तर चिखलणी आणि लावणी दोन्ही नसतात. दापोलीचं कृषी विद्यापीठ तुमच्या उंबऱ्यावर आहे, तुमच्या जमिनीला काय चालेल ते तिथे विचारा.

मासे मुलीने सोडायचं काहीच कारण नाही. समुद्रातल्या माशाचा कार्बन म्हणजे मुख्यतः होडीचं डिझेल आणि नंतरचा बर्फ. थव्याने येणारे बांगडे, तारल्या, पेडवे जवळ आणि एकदम मिळतात, त्यांच्या किलोमागे डिझेल फार थोडं जळतं. ट्रॉलरने समुद्राचा तळ खरवडून आणलेल्या कोळंबीला कितीतरी पट जास्त. हर्णैच्या बाजारातून हंगामात बांगडे आणा, उन्हात खारवून सुकवलेले पावसाळ्यासाठी ठेवा, 1 जून ते 31 जुलै या बंदीच्या काळात ताज्या मासळीचा हट्ट नको. आजींची पावसाळ्याची बेगमी म्हणजे हेच की. कुळीथ, नाचणी, आमसूल, सुके मासे. ताटाच्या बाबतीत तुमच्या घराने शहराकडून शिकण्यासारखं मला काही दिसत नाही.

इथवरचं सगळं मिळून तीन-साडेतीन टन. आता ताज्या कलमाकडे येऊ.

त्याआधी एक विचारते. 3 जून 2020 ला, 'निसर्ग' आलं त्या दिवशी, तुमची मुलगी किती वर्षांची होती? दहावीत आहे म्हणजे नऊ-दहाची असेल. डोक्यावरची कौलं उडताना तिने पाहिली असणार. पुढच्या मे महिन्यात 'तौक्ते' आलं, जुलैत चिपळूण बुडालं, त्याच दिवशी महाडजवळ तळिये गावावर दरड कोसळली. हे सगळं तिने वयाच्या अकराव्या वर्षाच्या आत ऐकलं-पाहिलं. आज ती आजीवर ओरडते तेव्हा ते छप्पर तिच्या मनात असणार असं मला वाटतं. आणि तुमचे मिस्टर स्लॅबचा हट्ट धरतात तेव्हा त्यांच्याही मनात तेच छप्पर आहे. एकाला वाटतं पृथ्वी वाचवली पाहिजे, दुसऱ्याला वाटतं आपली माणसं सिमेंटखाली सुरक्षित ठेवली पाहिजेत. दोघांची भीती एकच आहे आणि ती खरी आहे. अरबी समुद्र तापत चाललाय, त्यात जोरदार वादळं वाढताहेत, आंब्याचा मोहर अवेळी पावसाने गळतो हे तुम्ही दरवर्षी बघता. म्हणून यांच्याशी बोलताना 'स्लॅब नको' ने सुरुवात करू नका. 'पुन्हा वादळ आलं तर आपण कुठे थांबायचं' इथून करा.

आता स्लॅबच्या घराचं वजन. सिमेंट करताना चुनखडी भाजतात, तेव्हा त्या दगडातलाच कार्बन डायऑक्साईड सुटतो. भट्टीचा कोळसा आणखी वेगळा. 50 किलोच्या एका पोत्यामागे ढोबळमानाने 30 ते 35 किलो. बाराशे फुटांच्या स्लॅबच्या घराला साधारण 480 पोती लागतात, म्हणजे 15-16 टन. लोखंड फुटाला चार किलो धरलं तर पावणेपाच टनांच्या आसपास, आणि टनाभर लोखंडामागे दोन ते अडीच टन कार्बन डायऑक्साईड. दोन्ही मिळून 27 टनांच्या घरात जातं. तुमच्या आजच्या विजेचा, गॅसचा आणि पेट्रोलचा सतरा वर्षांचा हिशेब एका बांधकामात. आजींनी उरलेल्या आयुष्यात पाणचूल न पेटवता हे भरून निघणार नाही.

तुमचं जुनं घर जांभ्याच्या चिऱ्यांचं असणार असं मी धरते. चिरा हा आपल्या कोकणाला मिळालेला मोठा ठेवा आहे. तो खाणीतून कापून काढायचा आणि वाऱ्यावर सुकू द्यायचा, विटेसारखा भाजायचा नाही. मशीनचं आणि ट्रकचं डिझेल काय ते लागतं. आणि तुमचे चिरे तर कापून झालेत, भिंतीत उभे आहेत. त्या पाडून मातीत घालणं हे मला मनापासून चुकीचं वाटतं. भिंतींचा पाया धड आहे की नाही हे जाणत्या माणसाकडून तपासून घ्या. धड असेल तर भिंती ठेवा आणि छपराकडे लक्ष द्या, कारण गेलं होतं ते छप्पर. दुपाखी घर असेल तर ते चौपाखी करता येतं का बघा, चारही बाजूंनी उतार असलेल्या छपराला वारा कमी उचलतो. वासे भिंतीला लोखंडी पट्ट्यांनी बांधून घ्या. आढ्यावरचे कोने आणि कडेची कौलं सिमेंटमध्ये बसवा, मधली तारेने बांधा. पुढे आलेली पागोळीची बाजू फार लांब ठेवू नका, वारा तिथूनच हात घालतो.

आणि घराच्या आत, मधोमध, दीडशे फुटांची एक खोली स्लॅबची बांधा. एरवी कोठी किंवा न्हाणीघर म्हणून वापरा. वादळाचा इशारा आला की आजी, मुलं, कागदपत्रं त्या खोलीत. यांची खरी गरज एवढ्याने भागते. पर्यटकांच्या दोन खोल्या पडवीच्या बाजूला जुन्या-नव्या चिऱ्यांत निघतील. हे सगळं शंभर पोती आणि सहाशे किलो लोखंडात बसवलं तर पाच टनांच्या आत राहतं. पोतं घेताना पीपीसी घ्या, त्यात सिमेंटसोबत औष्णिक केंद्राची राख मिसळलेली असते, म्हणून भाजलेली चुनखडी कमी. खर्चही एवढा कमी होईल की रानाकडे बघायची वेळ कदाचित येणार नाही. शिवाय पर्यटकांचं मला असं दिसतं की लोक मुंबई-पुण्यातल्या स्लॅबखालून उठून कौलांखाली झोपायलाच इथवर येतात.

एसीचं मला जास्त लिहावंसं वाटतं, कारण ते मी माझ्या भावाच्या घरी पाहिलंय. त्याचं घर किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. खाऱ्या हवेने बाहेरच्या युनिटची कॉइल दोन पावसाळ्यांत खाल्ली. दर एप्रिलला गार होईना झाला की माणूस यायचा, उरलासुरला गॅस हवेत सोडून नवा भरायचा, पैसे घेऊन जायचा. गळती कुठे आहे ते कुणी शोधलंच नाही. चार वर्षं असं चाललं. नंतर मी त्या गॅसबद्दल वाचलं आणि मला झोप लागली नाही. जुन्या एसीतला आर-22 किंवा नंतरचा आर-410ए एक किलो हवेत सुटला तर तो 1,800 ते 2,100 किलो कार्बन डायऑक्साईडइतकं काम करतो. एका एसीत असतोच किलोच्या आसपास. भावाच्या घरात दिवे बंद करण्यावरून मी पोरांना रागवायचे, आणि बाहेर भिंतीवर टन-दोन टन दरवर्षी उडून जात होते.

तुमच्या दोन एसी खोल्या वर्षातल्या 120 रात्री भरल्या, रोज दहा तास चालल्या, तर 2,880 युनिट होतात. म्हणजे दोन टन, तुमच्या आजच्या घरातल्या विजेच्या दुप्पट, गळती सोडून. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे एसी लागत नाही. चिऱ्याची भिंत, उंच छप्पर, पोटमाळा, समोरासमोर खिडक्या आणि कमी वीज खाणारा 30 वॅटचा बीएलडीसी पंखा पुरतो. म्हणून आधी एकाच खोलीला एसी लावा, मे महिन्याचं बघून दुसऱ्याचं ठरवा. घेताना पाच तारे बघा आणि गॅस बघा. आर-32 चा भार किलोला सुमारे 675, आर-290 चा त्याहूनही पुष्कळ कमी. बाहेरचं युनिट समुद्राच्या वाऱ्यासमोर टांगू नका, वळचणीखाली आडोशाला लावा आणि महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने धुवा. पाहुण्यांना 26 वर लावून पंखा चालू ठेवायला सांगा, एकेका अंशामागे सहा टक्क्यांच्या आसपास वीज वाचते. आणि गॅस भरणाऱ्याला बजावा, गळती सापडल्याशिवाय भरायचा नाही, आणि जुना गॅस हवेत सोडायचा नाही, बाटलीत काढून घ्यायचा.

सौर वीज घ्याच. 'पीएम सूर्यघर' योजनेत पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटला 30,000 रुपये आणि तीन किलोवॅटला एकूण 78,000 रुपये अनुदान मिळतं. एक किलोवॅट वर्षाला 1,300-1,400 युनिट देतो, म्हणजे तुमची आजची गरज जवळजवळ भागते आणि टनभर कार्बन वाचतो. जून ते सप्टेंबर फार कमी वीज होईल, ते गृहीत धरा. कौलांवर सौर पॅनेल बसवायचा आग्रह कुणी केला तर ऐकू नका, अंगणात उन्हाच्या जागी जस्त चढवलेल्या लोखंडी चौकटीवर बसवा, वाऱ्याला टिकेल असे पक्के.

रान. याबद्दल मला थोडं कडक बोलावं लागतंय. एका ट्रकात दहा टन ओलं लाकूड गेलं, त्यातलं निम्मं पाणी धरलं, तर पाच टन सुक्या लाकडाचे नऊ टन कार्बन डायऑक्साईड होतात. तुमच्या रानातून किती ट्रक निघतील ते तुम्हालाच माहीत. खोडांना फुटवे येतात आणि आठ-दहा वर्षांत रान पुन्हा उभं राहतं हे मला ठाऊक आहे, आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तसंच चाललंय. पण त्या मधल्या वर्षांत डोंगर उघडा पडतो, माती व्हाळात येते, विहीर फेब्रुवारीतच तळ दाखवते. तळियेनंतर तरी घराच्या वरचा उतार मोकळा करायला मन धजावू नये. अगदीच गरज पडली तर वाळकी, पडलेली आणि निवडक झाडं द्या, सरसकट नको. आणि जानेवारीत सड्याच्या बाजूने गवत काढून जाळपट्टा करा. एका वणव्यात जे जातं ते शाळेच्या दहा वर्षांच्या वृक्षारोपणाने येत नाही. मुलीला झाडं लावायची असतील तर जरूर लावू दे, पण उभी असलेली राखणं हे काम जास्त मोठं आहे, ते तिच्या वर्गाला गावात करता येईल. ग्रामपंचायत राज्य सरकारच्या 'माझी वसुंधरा' या पर्यावरण अभियानात असेल तर वणव्याचा विषय तिथे मांडता येईल.

मुलीला आणखी एक ठाऊक असू दे. 'कार्बन फुटप्रिंट' हा शब्द घरोघर पोचवण्यात बीपी या तेल कंपनीचा मोठा हात होता, 2004 मध्ये त्यांनी लोकांना आपापला ठसा मोजायचं साधन दिलं. मोजणं चांगलंच, मी आत्ता तेच केलं. पण तेल काढणाऱ्याचा हिशेब बाजूला राहून पहाटे पाणी तापवणारी म्हातारी आरोपी ठरत असेल तर मोजणाऱ्याने थांबून पुन्हा बघायला हवं. तिचं मोजमाप तिने सोडू नये, फक्त ते योग्य ठिकाणी लावावं. प्रकल्पाचा दुसरा भाग तिला करायला सांगा. एका पानावर स्लॅबचं घर, दुसऱ्या पानावर दुरुस्ती, पोती आणि लोखंड मिस्त्रीच्या अंदाजपत्रकातून घ्यायचं. आणि ते तिनेच बाबांना समजावून सांगायचं. वडील मुलीच्या वहीतलं ऐकतात, बायकोच्या तोंडून आलेलं कधीकधी ऐकत नाहीत, हे तुम्हाला मी सांगायला नको.

दीर दिवाळीला येतील तेव्हा रेल्वेने खेडपर्यंत या म्हणून प्रेमाने सुचवून बघा. कोकण रेल्वे 2022 पासून पूर्ण विजेवर आहे, आणि चौघांची गाडी मुंबईहून जाऊन-येऊन साठ-सत्तर किलो कार्बन डायऑक्साईड सोडते. नाही आले तरी रुसू नका, चार जण एका गाडीत भरून येताहेत हेही बरंच आहे.

आजींची माफी मुलीने कशी मागावी असं तुम्ही विचारलं नाहीत, तरी मला तेच सगळ्यात जास्त टोचतंय. समोर उभी करून माफी मागायला लावू नका, दोघींनाही अवघडेल. दिवाळीनंतर छपराचं काम निघेल, जुनी कौलं खाली उतरतील. हजारभर तरी असतील. त्यातली धड आणि तडकलेली वेगळी करायचं काम दोघींना मिळून द्या. आजींना दिसायला कमी आलं असलं तरी कौलावर टिचकी मारून आवाजावरून ते धड आहे का हे ओळखता येत असणार. मुलीला ते येत नाही.

तुमची,
काकू